पाळण्यातला वरवंटा

"श्वास आत ओढ जरा," दमयंतीबाई म्हणाल्या.

"ओढलाय मम्मी. नाही बसत ब्लाऊजचं ते हूक."

"परवा घालून बघितलं तेव्हा तर बसलं होतं."

खाली सोसायटीच्या हॉलमधून स्पीकरचा ठेका जिन्याने वर येत होता. मधेच कुणीतरी आवाज वाढवी, मग काळूराम काका ओरडून तो कमी करायला लावीत, आणि परत तो वाढे. करंजाहून एक टेम्पोभर माणसं आली होती. नवीन पनवेलच्या त्या शांत इमारतीत इतक्या हिरव्या आणि पिवळ्या साड्या एकदम कधी आल्या नसतील. जानेवारीत जन्मलेल्या मुलीचं बारसं निशाच्या प्रकृतीमुळे लांबत लांबत सव्वा महिन्यावर आलं होतं, आणि लांबलेल्या कार्याला माणसं जास्त येतात.

दमयंतीबाईंनी पुन्हा हूक ओढलं. निशाने "स्स" केलं आणि त्यांचं मनगट धरलं.

"मम्मी, इथे हात लाव."

"कुठे?"

"इथे. डावीकडे. काखेच्या बाजूला."

उजवीकडे आता काही नव्हतंच. तिथे नणंदेने, भावनाने, कापूस भरून शिवलेली एक लहानशी गादी होती. पाचव्या महिन्यात, पोटात मूल असताना, ती बाजू डॉक्टरांनी काढली होती. त्यानंतर दिवाळीपासून नाताळपर्यंत औषधांच्या बाटल्या शिरेतून गेल्या. केस गेले, भुवया गेल्या, मूल मात्र राहिलं. येत्या गुरुवारपासून उरलेली औषधं परत सुरू व्हायची होती. हे सगळं दमयंतीबाई रोज सकाळी उठल्याबरोबर मनातल्या मनात एकदा म्हणत, शाळेत हजेरी घेतल्यासारखं. आज त्यांची बोटं डाव्या बाजूला टेकली आणि तिथेच थांबली.

लिंबाएवढं काहीतरी होतं. घट्ट.

"कधीपासून?"

"काल रात्री दुखत होतं. आज सकाळी हाताला लागलं."

खाली ढोलकीवर कुणीतरी थाप मारली आणि बायका हसल्या. दमयंतीबाईंनी मुलीच्या तोंडाकडे बघितलं. डोक्याला पोपटी रेशमी स्कार्फ, त्यावर पिनांनी टाचलेला अबोलीचा गजरा. हीसुद्धा भावनाचीच करामत. त्या चेहऱ्यावर आज सकाळपासून एक उत्साह होता, तो अजूनही पुरता गेलेला नव्हता. तोच दमयंतीबाईंना बघवेना.

"आज नको," त्या म्हणाल्या. "आज कुणाला बोलू नकोस. चार तासांनी काय फरक पडतोय? नाव ठेवून होऊ दे, माणसं जाऊ देत. उद्या सकाळी पहिलं काम तेच."

"मी पण तेच म्हणत होते," निशा म्हणाली. मग जरा थांबून, "मम्मी, ते परत आलं असेल तर?"

दमयंतीबाईंनी पदर तिच्या खांद्यावरून घेतला, निऱ्या सारख्या केल्या आणि हुकाच्या जागी एक सेफ्टी पिन लावली.

दार न वाजवता उघडलं. गंगाबाईला दार वाजवायची सवय नव्हती. जन्म करंजाच्या खाडीकाठी गेला होता आणि तिथल्या घरांची दारं दिवसा मिटत नसत. एका हातात वाफाळता वाडगा, दुसऱ्या हातात तांदळाची भाकरी, कपाळावर घाम.

"खा गो आधी. पाळण्याजवळ बसलीस का दोन तास उठाया नाय मिलनार. मुशीचं कालवन हाय. पारूने आनलेली मुशी, आजच पहाटेची."

"आई, आत्ता नको. साडीवर सांडेल."

"मी भरवतंय. आ कर."

"विहीणबाई, ती नको म्हणतेय ना," दमयंतीबाई म्हणाल्या. त्या गंगाबाईशी सप्टेंबरपासून असंच बोलत. शब्द नीट, सूर कोरडा. पहिली गाठ लागली तेव्हा निशाने आधी सासूला सांगितलं होतं. गंगाबाईने हात लावून बघितलं, "दुधाची गाठ हाय, पहिलटकरनीला व्हते," असं हसून सांगितलं आणि श्रावणभर गरम वाळूच्या पुरचुंडीने शेकून वर एरंडाचं पान बांधलं. करंजात तिच्या हाताखालून निदान शंभर बाळंतिणी गेल्या होत्या. तिच्या बोटांना कुणी कधी प्रश्न विचारला नव्हता. गणपतीत डॉक्टर नीतांनी तपासलं, तेव्हा श्रावण निघून गेलेला होता.

गंगाबाईने वाडगा आणि भाकरी टेबलावर ठेवली आणि सुनेची दृष्ट काढायला दोन्ही हात तिच्या गालांवरून फिरवून जवळ घेतलं. निशा एकदम आखडली. डावा खांदा आत गेला.

गंगाबाई मागे सरली. दृष्ट काढायची राहून गेली.

"काय झालं?"

"काही नाही आई. पिन टोचली."

"पिन मधी हाय. तू खांदा चोरलास."

वाडग्यातून मुशी माशाचा, कोकमाच्या आगळाचा आणि हिरव्या मिरचीचा वास खोलीभर झाला होता. गंगाबाईने एकदा विहिणीकडे बघितलं आणि तिला जे कळायचं ते कळलं. तिने हात पुढे केला. मग मधेच थांबून विचारलं, जे तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. "लावू?"

"विहीणबाई, हात काढा," दमयंतीबाई म्हणाल्या.

"लावू दे, मम्मी," निशा म्हणाली.

गंगाबाईची बोटं टेकली. ती बोटं जाड होती, मासे सोलून टोकांना चिरलेली, पण टेकताना ती पिसासारखी टेकत. तिने एकदा दाबलं, एकदा बाजूने फिरवलं. गरम होतं. हलत होतं. खालून थोडं मऊ होतं, पाण्याने भरलेल्या पिशवीसारखं. तिच्या बोटांनी तिला क्षणात सांगितलं, आणि शब्द तोंडाशी आला. तेवढ्यात तिने निशाचे डोळे बघितले. मुलगी तोच शब्द ऐकायला थांबली होती. श्रावणात थांबली होती तशीच.

गंगाबाईने तो शब्द गिळला.

"मना काय वाटतं ते मी सांगनार नाय," ती म्हणाली. "माज्या बोटांवर तू भरोसा ठेवू नको. मी पन नाय ठेवत. चल."

"कुठे?"

"डॉक्टरीनबाय खाली आल्यात. घुगऱ्या खातायत. चल, उठ."

"अहो, आत्ता?" दमयंतीबाई दाराशी आडव्या झाल्या. "शंभर माणसं आलीयत. आज शुभ दिवस आहे. उद्या सकाळी आम्ही जातोच आहोत. पाळणा थांबवणार का तुम्ही?"

"थांबेल पालना," गंगाबाई म्हणाली. "लाकडाचाच हाय तो, थांबेल. गाठ थांबत नाय, विहीनबाय. ती मी एकदा थांबवून बगितली."

दमयंतीबाईंना बोलायचं बरंच होतं. गेले सहा महिने मनात घोळवलेली वाक्यं होती, एकेक धार लावून ठेवलेलं. पण ते सगळं ज्या गोष्टीसाठी साठवलं होतं ती गोष्ट समोरची बाई आपणहून बोलून मोकळी झाली होती. त्या दारातून बाजूला झाल्या.

*

डॉक्टर नीतांच्या हातात कागदी प्लेट होती आणि तोंडात घुगऱ्या होत्या. शेजारी बसलेली पारू, म्हणजे भावनाची सासू, त्यांना आपल्या गुडघ्याची हकिगत सांगत होती. गंगाबाई गर्दीतून आली, तिने डॉक्टरांच्या हातातली प्लेट काढून पारूच्या मांडीवर ठेवली आणि त्यांच्या दंडाला धरलं.

"अगो माजा गुडगा!" पारू म्हणाली.

"गुडगा कुटं पलत नाय," गंगाबाई म्हणाली आणि डॉक्टरांच्या कानाशी वाकली.

डॉक्टर नीतांनी दोन प्रश्न विचारले. मग पर्समध्ये हात घालून किल्ल्यांचा जुडगा चाचपला. त्यांचा दवाखाना जुन्या पनवेलात, पुलापलीकडे. रविवारी बंद असे, पण किल्ल्या त्यांच्याजवळच असत.

"दहा मिनिटांत पोचू," त्या म्हणाल्या. "इथे बोटांनी चाचपून मी काहीही सांगणार नाही. मशीनवर बघू."

निशाचा नवरा शैलेश पाळण्याला फुगे बांधत होता. उलव्यात बांधकामांवर त्याचा डंपर चालायचा. तीस टन मुरूम घेऊन उलटा जाणारा हा माणूस फुग्याची गाठ मारताना जीभ बाहेर काढून बसला होता. बायकोला जिन्यावरून उतरताना बघून तो हसला, आणि डॉक्टरांशेजारी उभ्या आईचं तोंड बघून त्याच्या हातातला फुगा सुटला आणि फुर्रकन हॉलभर फिरून काळूराम काकांच्या टोपीवर पडला.

"काका, गाडीची चावी द्या," तो म्हणाला. कारण विचारलंच नाही त्याने.

"चावी? आता?" काळूराम काका उठले. घरातले ते वडीलधारे. भाऊ वारल्यापासून या घरातल्या प्रत्येक कार्याची वेळ तेच ठरवत. "बाराच्या आत नाव ठेवायचं हाय. भटाला विचारून आलोय मी. कुटं चालली वरात?"

"डॉक्टरकडं."

"डॉक्टर इथंच हाय की!"

"काका, चावी," शैलेश पुन्हा म्हणाला. आवाज वाढला नव्हता, पण काकांनी चावी दिली.

निशा दमयंतीबाईंपाशी थांबली. "मम्मी, आई येतायत माझ्याबरोबर. तू इथे थांब."

"मी?" दमयंतीबाईंना ते लागलं. मुलगी त्या बाईबरोबर जाणार आणि आपण इथे. "मी तुझी आई आहे, निशा."

"म्हणूनच. बाळाजवळ माझं माणूस पाहिजे. माझ्याशिवाय उरकून टाकतील हे सगळं." तिने हॉलकडे बघितलं. "नाव माझ्या पाठीमागे ठेवू देऊ नकोस. प्लीज, मम्मी. मी नसताना नको."

तिने ते कशासाठी म्हटलं हे दमयंतीबाईंना कळलं. फक्त आजच्या दुपारबद्दल नव्हतं ते.

*

गाडी गेली आणि हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. कुजबुज म्हणजे करंजाच्या मापाने. बाहेरच्या गेटवर ऐकू जात होती.

भावना पाळण्यामागे बसली होती. एका मांडीवर तिचा सात महिन्यांचा मुलगा, दुसऱ्या मांडीवर भाची. सव्वा महिना ती माहेरीच होती. निशाला अंगावर पाजायची परवानगी नव्हती आणि बाटलीचं दूध मुलीला सोसत नव्हतं, म्हणून भावना दोघांना पाजत होती. डॉक्टरांनी तिच्या रक्ताच्या तपासण्या करून घेऊन मग हो म्हटलं होतं.

"काय गो भावना," मागून एक मावशी म्हणाली, "मामाची पोर. घरात सून आयतीच तयार होतेय तुजी!"

"सून कसली? माज्या अंगावर पितेय ती. लेक झाली आता, सून नाय व्हायची. पोराला दुसरी बगा."

"अरे रे! एवढा हुंडा वाचला असता!" बायका हसल्या.

असल्या थट्टेने निशा वरवर हसे आणि रात्री भिंतीकडे तोंड करून झोपे, हे भावनाने बघितलेलं होतं. म्हणून आता निशा इथे नाही याचं तिला क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच त्या बरं वाटण्याची लाज वाटली.

काळूराम काका घड्याळ बघत पाळण्यापाशी आले. "भावना, आटप. पोर हाय, आत्या हाय, पालना हाय. नाव सांग कानात. निशा आली का परत गोड करू."

"पोरीच्या आयेशिवाय?"

"मुहूर्त टलतोय, बाय."

"टलू दे."

"बगा!" पारूने तोंड घातलं. सुनेला बोलायची संधी ती सहसा सोडत नसे. "हिला सव्वा महिना माहेरचं वारं लागलंय. मोठ्यांचं ऐकायचं नाय. आनि मी म्हनतंय, निशाचं काय सांगावं? डॉक्टरकडं गेली म्हंजे आज येईल का तिकडंच ठेवून घेतील? पोरीला बिननावाची ठेवायची का?"

स्पीकरवरचं गाणं नेमकं तेव्हाच संपलं. ती बोलली त्यात दुष्टपणा नव्हता. सगळ्यांच्या मनात होतं ते तिने नेहमीच्या घाईने बोलून टाकलं होतं इतकंच.

भावनाने आपला मुलगा उचलून सासूच्या मांडीवर ठेवला. मग उभी राहिली. भाची तिच्या खांद्यावर होती.

"आये, काका, सगले ऐका. नाव ठेवायचा मान कोनाचा?"

"आत्याचा," कुणीतरी म्हणालं.

"नाव कोनाला म्हाईत हाय?"

कुणालाच माहीत नव्हतं. आत्या नाव आधी सांगत नाही.

"मंग ते नाव माज्या तोंडात हाय. वयनी येईपर्यंत मी तोंड उघडनार नाय. संध्याकाल होवो, रात होवो. कोनाला माज्या तोंडातून काढायचं असेल त्याने यावं फुडं."

काळूराम काका बघतच राहिले. या घरात त्यांच्यापुढे बायका बोलत, पण बाजूला बघून बोलत. ते काही म्हणणार तेवढ्यात दमयंतीबाई त्यांच्या आणि पाळण्याच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला कुठे उभं राहायचं ते कळतं.

"बरोबर बोलतेय ती," त्या म्हणाल्या. "काळूराम भाऊ, तुम्ही बसा. तुम्हाला सरबत आणायला सांगते."

काळूराम काका बसले. का बसलो हे त्यांनाच समजलं नसावं.

"पण माणसं अशी गप्प बसून कशी राहतील?" दमयंतीबाई हळूच भावनाला म्हणाल्या. "पाळणा सुरू तर करता येईल? बाळ न ठेवता?"

"रिकामा पालना हलवत नाय, मावशी. पोट दुखतं पोराचं." भावना विचारात पडली. मग तिचं तोंड उजळलं. "वरवंटा! वर किचनमदी हाय. आना!"

बारशात आधी वरवंटा पाळण्यात घालतात ही रीत सगळीकडेच आहे. पण तो घटकाभरासाठी. त्या दिवशी मात्र वरवंट्याचं नशीब उघडलं. त्याला टोपडं बांधलं, कुणी काजळाची तीट लावली, कुणी आपल्या पोराचे मोजे चढवले. पाळण्याच्या वरून एकीने दिला, खालून दुसरीने घेतला. "गोविंद घ्या!" "गोपाळ घ्या!" एकदा झालं, दोनदा झालं, मग मोजायचं सुटलं. ढोलकी सुरू झाली. पारूने गुडघा विसरून पहिलं गाणं धरलं, कारण गाण्यात तिच्यापुढे कुणी जाऊ शकत नव्हतं आणि आपण मघाशी काहीतरी वावगं बोललो हे तिला कळून चुकलं होतं. समुद्राचं, होडीचं, होडीत वाट बघणाऱ्या नवरीचं गाणं. दमयंतीबाईंना शब्द कळत नव्हते. त्या फक्त शेवटचा शब्द पकडून सगळ्यांबरोबर म्हणत होत्या आणि दर ओळीला दाराकडे बघत होत्या.

*

शटर अर्धवट उघडून डॉक्टर नीता वाकून आत शिरल्या. त्यांच्यामागे निशा, मग गंगाबाई. गंगाबाई अनवाणी आली होती. चपला हॉलच्या दाराशीच राहिल्या होत्या. शैलेश बाहेर पायरीवर बसला. त्याच्या बोटाला फुग्याचा दोरा अजून गुंडाळलेला होता.

आतलं टेबल थंड होतं. जेल त्याहून थंड. निशाने छताकडे बघायचं ठरवलं होतं, पण ती स्क्रीनकडे बघत राहिली. करडं, काळं, करडं. सप्टेंबरात याच स्क्रीनवर तिला दोन गोष्टी एकाच दिवशी दिसल्या होत्या. पोटात एक हात हलवणारं बाळ, आणि वर एक वेडीवाकडी काळी सावली. तेव्हा डॉक्टर गप्प झाल्या होत्या. आताही गप्प होत्या. गप्प बसणं दोन प्रकारचं असतं की एकाच, ते तिला ओळखता येईना.

"गोळ्या दिल्या होत्या ना तुला, दूध बंद व्हायच्या? प्रसूती झाल्यावर?"

"हो. घेतल्या सगळ्या."

"हं."

"डॉक्टर, काय आहे?"

"कडा साफ आहेत. गोल आहे. आत पातळ काहीतरी आहे असं दिसतंय." त्या उठल्या. "पण मी दिसण्यावर थांबणार नाही. बारीक सुई घालते. चालेल?"

निशाने मान हलवली. तिचा उजवा हात आपोआप बाजूला गेला, कशाला तरी धरायला. ऑपरेशननंतर तो हात खांद्याच्या वर जात नसे. रोज सकाळी ती भिंतीवर बोटं चढवत नेई आणि आदल्या दिवशीच्या पेन्सिलच्या खुणेपाशी दमून थांबे. त्या हाताला आता जाड, चिरलेली बोटं सापडली. गंगाबाई डोळे घट्ट मिटून उभी होती.

"आई, बघा ना तुम्ही. मला बघवत नाही."

"मना पन नाय बगवत गो."

"कुणीतरी बघा!" निशा जवळजवळ ओरडली.

गंगाबाईने डोळे उघडले. सुई आत गेली होती. डॉक्टरांनी दट्ट्या हळूच मागे ओढला. नळी क्षणभर रिकामी राहिली. मग तळाशी काहीतरी चढायला लागलं. पांढरं. दाट, पिवळसर पांढरं, नारळाच्या पहिल्या रसासारखं. ते वर वर चढत गेलं.

"दूध," गंगाबाई म्हणाली. मग तिने भीत भीत डॉक्टरांना विचारलं, "मी म्हनू का? दूधच हाय ना ते?"

"म्हणा," डॉक्टर नीता म्हणाल्या. "दूधच आहे. साकळून बसलं होतं. बघ निशा, हात लाव. बसली गाठ."

निशाने हात लावला. लिंबाच्या जागी मऊ कातडी होती. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते हसू, आणि ते पोटातून आलं, टाके पडलेल्या बाजूला दुखवत आलं.

"हे तपासायला पाठवणार आहे मी," डॉक्टर सांगत होत्या. "उद्या तुझ्या सर्जनना स्वतः फोन करते. त्यांनाही एकदा दाखवून यायचं, आणि पुढची औषधं ठरल्याप्रमाणे. पण आज रात्री मी शांत झोपणार आहे, तूही झोप. आता मला एक सांगा, गोळ्या घेऊनसुद्धा एवढं दूध येतंय कुठून? गंगाबाई, हिला खायला काय घालता?"

गंगाबाईने पदराने तोंड पुसलं. "काय नाय. साधंच. ताकद यायला. सकालचे अलीवाचे लाडू."

"बरं."

"खसखशीची खीर. शेपू. आनि ते... मुशी."

"मुशी कितीदा?"

"रोज," निशा म्हणाली.

"बालंतिनीला मुशी देतातच आमच्यात! दूध येतं त्याने..." गंगाबाई बोलता बोलता थांबली. तिचं तोंड उघडंच राहिलं.

डॉक्टर नीता स्टुलावर बसल्या. "मी इकडून नळ बंद करतेय," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही तिकडून टाकी भरताय!" पुढे त्यांना बोलता येईना. त्या हसत होत्या, निशा हसत होती, आणि गंगाबाई कपाळाला हात लावून रडत होती की हसत होती ते सांगणं कठीण होतं. आवाज ऐकून शैलेश शटरखालून डोकं घालून आत डोकावला. भेदरलेला.

"काय झालं? काय झालं?"

"तुझ्या आईने मुशी खाऊ घातली," निशा म्हणाली, आणि पुन्हा सुरू झाली.

उठताना तिने ट्रेमधल्या नळीकडे एकदा बघितलं. सव्वा महिना तिने स्वतःचं दूध नीट बघितलंसुद्धा नव्हतं. ते नकोसं होतं, गोळ्यांनी घालवायचं होतं.

"हे तिला देता नाहीच येणार ना?"

"नाही गं. औषधं चालू व्हायचीयत अजून."

निशाने मान हलवली. मग पदर सावरत म्हणाली, "आई, घरातली सगळी मुशी भावनाला द्या. दोघांना पाजतेय ती. तिला लागेल."

गंगाबाईने तिच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि कडाकडा बोटं मोडली. मघाशी राहिलेली दृष्ट निघाली.

*

पुलावरून येतानाच शैलेशने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. सोसायटीच्या गेटातून गाडी आत आली तेव्हा बायका हॉलबाहेर धावल्या. सगळ्यांच्या पुढे दमयंतीबाई. गाडीतून आधी गंगाबाईचे अनवाणी पाय उतरले. दोघी विहिणी समोरासमोर उभ्या राहिल्या.

"दूध होतं," गंगाबाई म्हणाली. "मी नाय म्हनत. डॉक्टरीनबाय म्हनली."

दमयंतीबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. ती जाड, चिरलेली बोटं. त्यांनी ती बराच वेळ सोडली नाहीत.

हॉलमध्ये ढोलकी बेभान झाली होती. बारा केव्हाच वाजून गेले होते. काळूराम काकांनीच वरवंटा पाळण्यातून उचलला. मोजे आणि टोपड्यासकट काखेत मारला आणि म्हणाले, "चला, आता खरं मानूस ठेवा. हा म्हातारा दमला झोके खाऊन." निशा पाळण्याजवळ बसली. भावनाने मुलगी तिच्या हातात दिली, तिने ती पाळण्यात ठेवली. पोरीने डोळे उघडले, गोंगाटाकडे दुर्लक्ष केलं आणि जांभई दिली.

भावना वाकली. मागे बायका हात सरसावून तयारच होत्या. आत्याने कानात नाव सांगितलं की तिच्या पाठीत धपाटे घालायचे, हा बारशातला सगळ्यात गोड भाग. पारू सर्वांत पुढे होती. सुनेच्या पाठीत उघडपणे मारायची संधी वर्षातून एकदाच येते.

"कुर्रर्र..." भावना बाळाच्या कानाशी म्हणाली, आणि मग मोठ्याने, "जान्हवी!"

धपाट्यांचा पाऊस पडला. "अगो मेले! आये, जोरात नको!" भावना ओरडत होती. गंगाबाई बाजूला उभी राहून ते नाव तोंडात घोळवून बघत होती. "जान्हवी. बरं हाय. नव्या पद्धतीचं हाय."

"जान्हवी म्हणजे गंगा, विहीणबाई," दमयंतीबाई तिच्या कानाशी म्हणाल्या. "तुमचंच नाव ठेवलंय पोरीने."

गंगाबाईने लेकीकडे बघितलं, मग सुनेकडे. दोघी एकमेकींकडे बघून हसत होत्या. म्हणजे निशाला आधीच माहीत होतं.

"वयनी, तू नाय मारलीस," भावना पाठ चोळत म्हणाली. "सगल्यांनी मारलं. तू राहिलीस."

"आई मारत नाही आत्याला."

"आज चालतं. बगू."

निशा उठली. तिने डावा हात उचलला, मग थांबली. डाव्या काखेशी अजून सुईची जागा ठणकत होती. तिने उजवा हात वर नेला. तो खांद्यापर्यंत गेला. तिथे नेहमीसारखा अडला. ढोलकीवाल्याने बोटं थांबवली. तिने दात दाबले आणि हात आणखी वर नेला, कानाच्या वर, स्कार्फवरच्या गजऱ्याच्या वर, भिंतीवरच्या पेन्सिलच्या सगळ्या खुणांच्या वर, आणि तिथून तो भावनाच्या पाठीत असा आणला की आवाज गेटपर्यंत गेला.

"आई गं!" भावना कळवळली. मग वळून तिने निशाच्या त्या हाताकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि ती परत पाठ करून वाकून उभी राहिली.

"अजून एक मार," ती म्हणाली. "अजून एक मार गो, वयनी."